किरणांची मात्रा आणि तिची पडताळणी

वाण्याच्या दुकानातील लोखंडी वजने ज्यांनी हाताळली असतील त्यांना हे आठवत असेल की, वजनाच्या पोटात शिसे भरलेले असे आणि त्या शिशावर सरकारी मोहर उठवलेली असे. वजनमापे खात्याचा निरीक्षक ठराविक मुदतीने येऊन आपल्याजवळच्या प्रमाण वजनाशी दुकानदाराचे वजन ताडून पाही. आणि त्या निरीक्षकाचे प्रमाण वजनही त्याच्याहून वरच्या प्रयोगशाळेत तपासले गेलेले असे. ताजव्यांच्या जागी आज विजेचे काटे आले, तरी ही साखळी तुटलेली नाही. दुकानदार लबाड असतो अशा समजुतीने ही व्यवस्था उभी राहिलेली नाही. प्रामाणिक माणसाचे वजनही झिजते, त्याचा काटाही अडतो, आणि ते त्याच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही, एवढेच तिच्या मुळाशी आहे. साखर कमी भरली असा संशय आला तर गिऱ्हाईक निदान ती शेजारच्या दुकानात नेऊन पुन्हा तोलून पाहू शकते. परंतु एक माल असा आहे की तो घेणाऱ्याला दिसत नाही, देणाऱ्याला दिसत नाही, एकदा दिल्यावर परत घेता येत नाही, आणि कमीजास्त दिला गेला हे कळावयास कित्येक आठवडे, कधी वर्षेही लागतात. कर्करोगावर जे किरणोपचार करतात त्यांतील किरणांची मात्रा हा तो माल होय. ही मात्रा कोण मोजतो, आणि मोजणाराची मोजणी कोण तपासतो, हा आजचा आमचा विषय आहे.

मात्रा हा शब्द आपल्याकडे वैद्यांच्या घरचा. वैद्य मात्रा उगाळून देत, ती गुंजेच्या हिशेबात असे, आणि ती लागू पडली वा नाही हे रोग्याच्या नाडीवरून पाहात. किरणांच्या बाबतीत मात्रा म्हणजे शरीराच्या एक किलोग्रॅम भागाने किरणांपासून किती ऊर्जा शोषून घेतली, हा आकडा. एका किलोग्रॅमने एक ज्यूल ऊर्जा शोषली म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाचे नाव या एककास १९७५ साली देण्यात आले. त्यापूर्वी रॅड हे एकक चाले व शंभर रॅडचा एक ग्रे होतो.

आता एक ग्रे म्हणजे केवढी ऊर्जा? एक ग्रे मात्रा पाण्यास दिली तर त्याचे तापमान एका अंशाच्या सुमारे चार हजाराव्या भागाने वाढते. साऱ्या शरीरास एकदम चार ग्रे मात्रा बसली आणि वैद्यकीय मदत मिळाली नाही, तर अशी निम्मी माणसे दगावतात. आणि साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगी यामुळे उतरणारी सारी उष्णता अर्धा चमचा गरम चहा प्याल्याने उतरते तितकीच असते! चहा सुखावतो आणि किरण मारतात, कारण किरणांची ऊर्जा सगळीकडे पसरून ऊब देत नाही. ती पेशीच्या केंद्रातील डीएनएच्या धाग्यावर नेमके घाव घालते. म्हणूनच किरण अंगावर पडताना रुग्णास ऊब लागत नाही, दुखत नाही, वासही येत नाही. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येते. (हे बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. घरी आलेल्या रुग्णाजवळ लेकरांना जाऊ न देण्याची जी भीती अजून काही घरांत दिसते ती निराधार आहे.) इंद्रियांना ज्याची जाणीव होत नाही त्याचे माप सर्वस्वी उपकरणावर आणि आकडेमोडीवर अवलंबून राहते. हे ध्यानात आले की पुढचे सारे समजणे सोपे जाईल.

राँटजेनला क्ष-किरण सापडले ते १८९५च्या नोव्हेंबरात. वर्षभराच्या आतच डॉक्टरांनी ते गाठींवर सोडून पाहण्यास आरंभ केला. मोजण्याचे साधन मात्र नव्हते. नळीतून किरण पुरेसे निघतात की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर व तंत्रज्ञ आपलाच हात तिच्यापुढे धरीत. आणि रुग्णाची कातडी लाल झाली म्हणजे पुरेशी मात्रा झाली असे समजत. कातडी हेच उपकरण! पण कातडी त्याच दिवशी लाल होत नाही, आणि गोऱ्याची जितकी लाल दिसते तितकी काळ्याची दिसत नाही. या मापाची किंमत प्रथम मोजणाऱ्यांनीच दिली. एडिसनच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली याचे हात या कामाने गेले, आणि १९०४ साली तो मरण पावला. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील एका इस्पितळाच्या आवारात अशा किरणबळींचे स्मारक १९३६ साली उभारले गेले, त्यावर आरंभीच दीडशेहून अधिक नावे कोरलेली होती. स्टॉकहोम येथील परिषदेत १९२८ साली राँटजेन हे एकक सर्व देशांनी मान्य केले, तेव्हा कोठे एका गावच्या डॉक्टराची मात्रा दुसऱ्या गावच्या डॉक्टरास आकड्यात सांगता येऊ लागली.

आजचा एक नित्याचा रुग्ण डोळ्यांपुढे आणू. आपल्या भागात तंबाखूच्या पायी तोंडाचे व घशाचे कर्करोग फार. अशा रुग्णास पुष्कळदा रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, या क्रमाने ३३ दिवसांत ६६ ग्रे मात्रा देतात. एकदम न देता रोज थोडी देण्याचे कारण असे की निरोगी पेशी रात्रीतून आपली दुरुस्ती बऱ्याच अंशी करून घेतात, कर्कपेशींना ती तितकी साधत नाही; रोजच्या या थोड्या फरकाची बेरीज महिना-दीड महिन्यात मोठी होते. तथापि त्या गाठीमागे काही बोटांच्या अंतरावर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू असतो, आणि त्यास ४५ ते ५० ग्रेच्या पलीकडे जाऊ देणे धोक्याचे असते. कारण मज्जारज्जू जळला तर अर्धांग होऊ शकते आणि तेही उपचारानंतर कित्येक महिन्यांनी. म्हणजे मात्रा थोडी घटली तर गाठ उरते, थोडी वाढली तर निरोगी अवयव जातो. या दोहोंमधली वाट रुंद नाही. गाठीस पोचणारी मात्रा ठरविलेल्या मात्रेच्या पाच टक्के इकडेतिकडे एवढ्यातच असावी, असे आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली सुचविले ते याच कारणाने. औषधाच्या चमच्यात पाच टक्क्यांची अचूकता आपण कधी पाळतो काय?

ही अचूकता साधतात कशी ते पाहू. मनुष्याचे शरीर बव्हंशी पाण्याचे, म्हणून शरीराच्या जागी पाण्याची टाकी ठेवतात. तिच्यात ठराविक खोलीवर, उदाहरणार्थ दहा सेंटिमीटरवर, करंगळीहून बारीक अशी एक पोकळ नळी बसवतात. इंग्लंडातील फार्मर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ साली जिचा आराखडा मांडला ती ही नळी, आतल्या पोकळीचा आवाका अवघा ०.६ घनसेंटिमीटर. किरण त्या पोकळीतील हवेतून जाताना हवेचे कण विद्युत्भारित होतात, तो भार तारेने बाहेरच्या मापकात येतो, आणि भारावरून मात्रेचा हिशेब होतो. एवढ्याशा हवेवर साऱ्या उपचाराचा डोलारा उभा असतो.

आणि हवा म्हटली की गावोगावचा फरक आला. नळीचे तोंड बाहेरच्या हवेस मोकळे असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच; तेथील हवेचा दाब मुंबईच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणजे तीच नळी, तीच मात्रा, पण पोकळीत हवा तितकी विरळ, म्हणून भार कमी भरणार. दाबाची ही दुरुस्ती करावयाची कोणी विसरला तर यंत्र आहे त्याहून मंद आहे असे त्यास वाटेल, तो उपचाराची वेळ वाढवील, आणि पुण्याच्या प्रत्येक रुग्णास सहा-सात टक्के मात्रा जास्त बसेल. तापमानाचेही तसेच, तीन अंशांच्या फरकाने सुमारे एक टक्का फरक पडतो. याहून फसवी एक गोष्ट आहे. हवामान खात्याच्या पत्रकात जो दाब छापतात तो बहुधा समुद्रसपाटीवर असता तर किती असता असा हिशेब करून छापलेला असतो, कारण निरनिराळ्या गावांची तुलना करावयाची असते. हवामानाच्या कामी ते बरोबरच आहे; परंतु तोच आकडा उंचावरच्या इस्पितळात वापरला तर केलेली दुरुस्ती न केल्यासारखीच होते. असा प्रकार परदेशात एका इस्पितळात घडलेला असून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अपघातांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यात तो नोंदलेला आहे. खोलीतच दाबमापक टांगणे हा त्यावरचा साधा उपाय.

नळीतील भारावरून मात्रा काढावयाची तर एक गुणक लागतो, आणि तो इस्पितळास स्वतः ठरविता येत नाही. नळी व मापक ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या मान्य प्रयोगशाळेत पाठवून ठराविक मुदतीने तो ठरवून आणतात. आणि देशोदेशीच्या अशा प्रयोगशाळा आपली प्रमाणे पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमापे संस्थेच्या प्रमाणांशी ताडून पाहतात. वाण्याच्या वजनावरील मोहरेची साखळी ती हीच.

साखळी इतकी चांगली असताना चूक होते कोठे? आमच्या मते ती सूक्ष्म पदार्थविज्ञानात क्वचितच होते. ती घडते शाळकरी गणितात, आणि म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

कोस्टारिका या मध्य अमेरिकेतील देशाच्या राजधानीत, सान होसे येथे, १९९६ साली जे घडले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. तेथे एक कोबाल्ट यंत्र होते. कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू यंत्राच्या शिरोभागी शिशाच्या जाड कवचात ठेवतात आणि झरोका उघडला की त्याचे किरण रुग्णावर पडतात. १९५१ साली कॅनडात या उपचारास आरंभ झाला, आणि पुढे जगभर, आपल्याकडेही, गोरगरिबांचा आधार म्हणून ही यंत्रे चालली. हा धातू आपोआप क्षीण होत जातो. साडेपाच वर्षांच्या आतच त्याचे तेज निम्मे होते, महिन्याला सुमारे एक टक्का घटते. म्हणून काही वर्षांनी जुना तुकडा काढून नवा बसवावा लागतो. सान होसे येथे त्या वर्षी ऑगस्टमध्ये असा नवा तुकडा बसविण्यात आला, आणि त्याचे तेज रीतीप्रमाणे मोजले गेले. मोजणीच्या वेळी यंत्राच्या घड्याळावर ०.३ मिनिट अशी वेळ लावलेली होती. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. हिशेब करताना ते ३० सेकंद धरले गेले!

ही चूक हसण्यासारखी वाटेल त्यांनी आपल्या घरी प्रयोग करून पाहावा. सव्वादोन तास आकड्यात लिहा असे सांगितले तर कोणी २.१५ लिहील, कोणी २.२५, आणि वाचणारा त्याचे दोन तास पंचवीस मिनिटे करील. वेळ साठाने मोजावयाची आणि आकडे दहाने लिहावयाचे, या दोहोंच्या सांध्यात माणूस अडखळतोच. आपल्याकडे १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा चार आण्यांचे पंचवीस आणि दोन आण्यांचे साडेबारा करताना बाजारात जो गोंधळ उडाला तो वडील मंडळींच्या तोंडून अनेकांनी ऐकला असेल. तेथे नुकसान झाले असेल ते अर्ध्या पैशाचे. सान होसेत मात्र १८ सेकंदांत मिळालेले किरण ३० सेकंदांत मिळाले असे समजल्यामुळे यंत्राचे तेज होते त्याच्या साठ टक्केच आहे असे ठरले, आणि त्या मानाने प्रत्येक उपचाराची वेळ वाढली. ज्यास दोन ग्रे द्यावयाचे त्यास रोज सव्वातीन ग्रेहूनही अधिक मिळू लागले. हा क्रम ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, म्हणजे महिन्याहून थोडा अधिक, चालला. ११५ रुग्ण त्यात सापडले, त्यांत मुलेही होती. कोणाची आतडी जळली, कोणास पक्षाघात झाला, काहींचा त्यातच अंत झाला. यंत्र निर्दोष होते. धातू उत्तम होता. मोजणीचे उपकरणही ठीक होते. मोजलेला आकडा दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पुन्हा मोजला नव्हता, एवढीच उणीव राहिली.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस शहरी १९७४ ते १९७६ या काळात याहून निराळी तऱ्हा झाली. तेथे कोबाल्ट किती घटले हे प्रत्यक्ष न मोजता आधी काढून ठेवलेल्या आलेखावरून धरीत, आणि आलेखच चुकीचा काढला गेला होता. बावीस महिने कोणी टाकीत नळी बुडवून पाहिली नाही. कागदावरचे कोबाल्ट खऱ्या कोबाल्टापेक्षा अधिक वेगाने क्षीण होत गेले, त्या मानाने उपचाराची वेळ वाढत गेली, आणि दहा टक्क्यांपासून आरंभ होऊन अखेरीस पन्नास टक्क्यांपर्यंत जास्त मात्रा ४२६ रुग्णांस मिळाली.

मात्रा जास्त झाली तर निदान कातडी बोलते, आतडी बोलतात. कमी झाली तर? इंग्लंडात स्टोक येथील इस्पितळात १९८२ साली उपचाराचा हिशेब करणारा संगणक घेण्यात आला. रुग्ण किरणांच्या उगमापासून नेहमीपेक्षा अधिक जवळ असला तर वेळ कमी करावी लागते, ही दुरुस्ती पूर्वी हाताने करीत. नवा संगणक ती आपण होऊन करीत असे, परंतु हे न कळल्याने जुन्या सवयीने हातानेही ती केली जात राहिली. अडत्याने पोत्याच्या वजनातून बारदान एकदा वजा केल्यावर हिशेबनिसाने ते पुन्हा वजा करावे तसे हे झाले. १९९१ साली दुसरा संगणक आणून त्याच्याशी जुने हिशेब ताडून पाहिले तेव्हा हे उमगले. तोवर नऊ वर्षे लोटली होती, आणि १,०४५ रुग्णांस पाच ते पस्तीस टक्के मात्रा कमी मिळाली होती. या नऊ वर्षांत कोणाची कातडी जळली नाही, कोणी तक्रार केली नाही. उलट रुग्णांस उपचार चांगला सोसतो असेच वाटले असेल. ज्यांचा रोग उलटला त्यांच्या बाबतीत रोगच चिवट होता असे मानले गेले असणार, कारण कर्करोग उलटतो हे सर्वांसच ठाऊक आहे. आम्हास या तिन्ही घटनांत ही सर्वांत भयंकर वाटते.

डॉक्टराच्या अनुभवी नजरेस हे दिसावयास हवे होते, असे कोणी म्हणेल. काही ठिकाणी ते दिसलेही आहे. चाणाक्ष डॉक्टरांनी रुग्णांच्या तोंडातील फोडांवरून यंत्राची चूक ओळखली अशी उदाहरणे आहेत. परंतु फोड येतात ते दोन-तीन आठवड्यांनी, आणि एकाच मात्रेने एकाचे तोंड येते, दुसऱ्याचे येत नाही. शिवाय चूक यंत्राच्या मूळ मोजणीत असली म्हणजे सगळ्याच रुग्णांस सारखीच बसते. वेगळा दिसावा असा कोणी उरत नाही. घरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे असले तर सारे घर वेळेवर वागत आहे असेच घरच्यांस वाटते. बाहेरचा पाहुणा आला आणि त्याने मनगटाकडे पाहिले म्हणजे कळते.

असा पाहुणा मुद्दाम बोलावण्याची एक व्यवस्था आहे, आणि तिचे साधन टपाल हे आहे. लिथियम फ्लोराइड नावाच्या क्षाराचा गुण असा की किरण पडले म्हणजे त्यांची थोडी ऊर्जा तो आपल्यात धरून ठेवतो, आणि पुढे कित्येक आठवड्यांनी तापवला तर ती प्रकाशाच्या रूपाने सोडतो. जितकी मात्रा जास्त तितका प्रकाश जास्त. ही भुकटी बोटाच्या पेराएवढ्या कुपीत भरतात आणि टपालाने इस्पितळाकडे धाडतात. सोबतच्या पत्रात लिहिलेले असते की, टाकीतील पाण्यात अमुक खोलीवर कुपी ठेवून तीस तुमच्या नेहमीच्या हिशेबाने बरोबर दोन ग्रे मात्रा द्यावी आणि परत पाठवावी. इस्पितळाने दोन ग्रे दिले असे समजून पाठवावयाचे; प्रत्यक्षात किती दिले ते कुपी सांगते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६९ साली हा उपक्रम सुरू केला. प्रथम तो कोबाल्ट यंत्रांपुरता होता, १९९१पासून लिनॅक यंत्रांसाठीही चालू झाला, आणि २०१७पासून भुकटीऐवजी एका विशिष्ट काचेच्या कांड्या वापरू लागले. व्हिएन्नाजवळ झायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेत हे काम चालते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने अशीच टपाली तपासणी देशातील इस्पितळांसाठी कित्येक दशके चालविली आहे, आणि यंत्रे व माणसे यांच्या परवान्यांचे नियमन १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. बाहेरच्याच्या तपासणीचे मोल काय याचा एक दाखला इंग्लंडातच आहे. एक्झेटर येथे १९८८ साली नव्या कोबाल्टच्या मोजणीत चूक होऊन २०७ रुग्णांस पंचवीस टक्के मात्रा जास्त गेली होती. देशातील सर्व केंद्रांची परस्परतुलना करणारी मंडळी तेथे मोजावयास आली तेव्हा ती उघडकीस आली.

स्वतंत्र तपासणी या शब्दांत स्वतंत्र या शब्दावर भर आहे. त्याच माणसाने तेच उपकरण घेऊन तोच तक्ता वापरून पुन्हा मोजले तर तीच चूक अधिक आत्मविश्वासाने हाती येते. उपकरण दुसरे, माणूस दुसरा, आणि शक्य तर हिशेबाची रीतही दुसरी हवी. याचा खर्च येतो, यंत्र काही काळ बंद ठेवावे लागते, बाहेर रुग्णांची रांग वाढते. कोट्यवधी रुपयांचे यंत्र देणगीदाराच्या नावाच्या पाटीसह थाटाने बसते, पण दुसरी नळी आणि दुसरा मापक यांची मागणी फायलीत पडून राहते, हे आम्ही पाहिले आहे. नळीवर कोणाची पाटी लागत नाही, हे त्याचे कारण असावे.

आजच्या लिनॅक यंत्रांनी काम आणखी अवघड केले आहे. कोबाल्टचा झरोका उघडला की ठरावीक किरण पडत, तेव्हा मूळ मोजणी ठीक तर बहुतेक सारे ठीक. लिनॅकमध्ये विजेच्या बळावर किरण निर्माण होतात, आणि धातूच्या पातळ पट्ट्या क्षणोक्षणी सरकून गाठीच्या आकाराप्रमाणे किरणांचा झोत घडवतात. प्रत्येक रुग्णाचा आराखडा निराळा. म्हणून रुग्णास टेबलावर घेण्यापूर्वी त्याचा आराखडा आधी निर्जीव वस्तूवर चालवून पाहतात. शेकडो बारीक मापके बसविलेला एक ठोकळा टेबलावर ठेवायचा, यंत्राला उद्याचा उपचार आजच करावयास लावायचे, आणि संगणकाने सांगितलेला मात्रेचा नकाशा व ठोकळ्याने टिपलेला नकाशा एकावर एक ठेवून पाहायचे. बिंदूबिंदूला मात्रा तीन टक्क्यांच्या किंवा जागा तीन मिलिमीटरच्या आसपास जुळते काय, अशी ती कसोटी. ती उतरली नाही तर रुग्णास थांबवतात. उपचार एक दिवस लांबला म्हणून नातेवाईक चिडतात, तेव्हा पुष्कळदा कारण हे असते, आणि ते त्यांना कोणी सांगत नाही.

संगणक आला म्हणून चूक गेली असे मात्र समजू नये. अमेरिकेत व कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या यंत्रावर १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांस भयंकर मात्रा बसली, ती आज्ञावलीतील दोषामुळे. ठोकळ्यावरील कसोटीसही मर्यादा आहे. ठोकळा हलत नाही, श्वास घेत नाही आणि बारीक होत नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णास गिळता येत नाही, तो महिन्याभरात पाच-सात किलो उतरतो, त्याच्या चेहऱ्यावर बसवलेला प्लास्टिकचा मुखवटा सैल होतो, आणि पहिल्या दिवशी गाठीवर रोखलेला झोत पंचविसाव्या दिवशी किंचित सरकलेला असू शकतो. यासाठी मधून मधून टेबलावरच छायाचित्र घेऊन जागा पडताळतात, आणि काही ठिकाणी रुग्णाच्या कातडीवर लहानशी मापके चिकटवून त्यास खरोखर काय मिळाले ते टिपून घेतात. मुखवटा सैल लागतो असे वाटले तर रुग्णाने ते तंत्रज्ञास त्याच दिवशी सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसणारे रुग्ण आम्हास माहीत आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

हे सारे करणारा मनुष्य रुग्णास सहसा भेटत नाही. त्यास मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. तो डॉक्टर नसतो, भौतिकशास्त्राचा पदवीधर असतो, आणि आपल्या देशात या कामाचे रीतसर शिक्षण ट्रॉम्बे येथे १९६२पासून दिले जाते. त्याचे खरे काम संध्याकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर सुरू होते. पाण्याची टाकी भरायची, नळी बुडवायची, भिंतीवरचा दाबमापक व पाण्यातील तापमापक वाचायचा, आकडे वहीत लिहायचे. त्याच्या टेबलावर एखादे दिवशी ती टपालाची पेटी येऊन पडलेली असते. त्या पेटीत एक कुपी अशीही असते की जिला किरण द्यावयाचे नसतात. तिने नुसता प्रवास करून परत जावयाचे असते. वाटेत, एखाद्या विमानतळाच्या तपासणीत किंवा गोदामात, कुप्यांना नको ते किरण लागले काय, हे प्रयोगशाळेस तिच्यावरून कळते. निकाल पाच टक्क्यांच्या आत आला तर तसे पत्र येते आणि ते फायलीला लागते. बाहेर गेला तर दुसऱ्या कुप्या येतात, पुन्हा बाहेर गेला तर माणूस येतो.

किरणोपचार चालू होण्यापूर्वी आपल्या माणसासाठी काय विचारावे असे आम्हास कोणी विचारले, तर आम्ही दोन प्रश्न सांगतो. या यंत्राची बाहेरची तपासणी शेवटची केव्हा झाली, आणि या आराखड्याचा हिशेब दुसऱ्या कोणी पाहिला आहे काय. चांगल्या केंद्रात या प्रश्नांचा राग येत नाही; तेथे वही काढून तारीख दाखवतात.